पांढऱ्या खड्यांच्या गौरी

त्या घरात सगळ्यांत आधी जाग यायची ती तेलाच्या बॉयलरला. म्हाताऱ्या माणसासारखा दोनदा खोकून तो सुरू व्हायचा, मग पाइपांतून टकटक, मग आईची स्वयंपाकघरातली खुडबुड. आयर्लंडमधल्या गॉलवेपासून पाऊण तासावर, दगडावर नुसता दगड रचून केलेल्या गडग्यांच्या मधोमध आमचं भाड्याचं घर होतं. बाबा गॉलवेत वैद्यकीय उपकरणांच्या एका कंपनीत होते, शहरात घर मिळेना म्हणून आम्ही इतकं आत येऊन राहिलो, आणि पुढे कित्येक महिने आई रोज एकदा तरी म्हणायची, "पुण्यात निदान भाजीवाला तरी ओरडायचा." इथे ओरडायचा तो फक्त वारा आणि शेजारच्या नोराचा कोंबडा. गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट होतं, त्याला तिथे हॉट प्रेस म्हणतात. आयरिश लोक त्यात टॉवेल वाळवतात. आमच्याकडे त्यात इडलीचं पीठ आंबायचं. माझ्या शाळेच्या स्वेटरला कायम त्या आंबटसर पिठाचा वास असे. मला त्याची भयंकर लाज वाटायची. आता तो वास कुठे आला तर मी मुद्दाम रेंगाळते, पण तेव्हा आईशी त्यावरून कडाक्याची भांडणं केली, तीसुद्धा इंग्रजीतून. ती मराठीतून रागवायची, मी इंग्रजीतून उलट बोलायची, आणि बाबा मध्ये बसून दोन्ही भाषांत गप्प राहायचे.

नोरा म्हणजे पलीकडच्या घरातली ऐंशी पार केलेली बाई. एकटी राहायची. दर शनिवारी अंड्यांची टोपली घेऊन यायची आणि एकदा बोलायला बसली की आईचा चहा दोनदा गार व्हायचा. तिच्या लेखी सगळंच ग्रँड होतं. हवा ग्रँड, खुब्याचं ऑपरेशन ग्रँड, आईचे बटाटेपोहे ग्रँड. नवरा पॅट गेला तोसुद्धा 'अगदी ग्रँड, झोपेतच' गेला. मला ती 'पेट' म्हणायची. तिथल्या बायका लहान मुलांना लाडाने तसं म्हणतात, हे कळेपर्यंत मी फुगून बसले होते. इतकं बोलणाऱ्या बाईकडे न बोललेलं काही शिल्लक असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आमची शाळा दोन खोल्यांची. मुख्याध्यापकांना सगळे मास्टर म्हणत. ते त्याच गावात जन्मले, तिथेच शिकले आणि तिथेच शिकवायला लागले. त्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली, तर वर्गात ओर्ला नावाची एक तरुण चित्रकार येऊन बसलेली. डब्लिनची होती. तिने सांगितलं, आपण सगळे मिळून गावाचा एक प्रचंड मोठा कापडी नकाशा करणार, त्यात आपला केल्टिक वारसा विणणार, आणि तो गावाच्या हॉलमध्ये लावणार. मग सुरू झाली वेटोळी. मातीत वेटोळी, कापडावर वेटोळी, खिडकीच्या काचेवर वेटोळी. केल्ट लोकांना दुसरं काही काढताच येत नव्हतं की काय असं मला वाटायला लागलं. माझं नाव अनघा, पण मी सगळीकडे अनूच सांगायची. ते ऐकून ओर्ला इतकी हरखली की तिने टाळ्या वाजवल्या. अनू हे म्हणे त्यांच्या जुन्या देवीमातेचं नाव. आठवडाभर मुलं मधल्या सुट्टीत मला वाकून नमस्कार करत होती, आणि खरं सांगायचं तर मला ते अजिबात वाईट वाटत नव्हतं. पिठाच्या वासाच्या मुलीला देवी होणं बरंच होतं.

एका शुक्रवारी ओर्ला आम्हाला रानात घेऊन गेली. आमच्या घरामागच्या दोन शेतांपलीकडे एक हॉथॉर्नचं एकटं, वाकडं झाड होतं. त्याची फांदी कधी तोडायची नाही, ते पऱ्यांचं असतं, असं तिने डोळे मोठे करून सांगितलं. मुलांना ते पाठच होतं. मला नवीन होतं. झाडामागे जमीन थोडी उंचवट्यासारखी, बाजूला एक झरा आणि गवतात पांढरे दगड. छोटे, गुळगुळीत, दुधी. सगळे चित्र काढत होते आणि मी त्या दगडांकडे बघत होते, कारण घरी आईचं त्याच दगडांवाचून अडलं होतं.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. मूळ कोकणातलं घराणं, त्यामुळे मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. पाणवठ्यावरचे पाच खडे आणायचे, तीन दिवस लेकी म्हणून घरात बसवायचे, जेवूखाऊ घालायचं आणि पुन्हा पाण्यात पोचवायचं. घरातल्या मुलीने ते ताम्हनातून आणायचे. येताना तोंडात पाण्याची चूळ धरायची, म्हणजे बोलणंच खुंटलं, आणि काही झालं तरी मागे वळून पाहायचं नाही. आधीच्या वर्षी आई खालच्या ओढ्यावर घसरून कमरेएवढ्या काळ्या पाण्यात गेली होती आणि त्यातून मिळाले ते शेवाळलेले ओबडधोबड धोंडे. म्हणून मी झऱ्याजवळच्या पांढऱ्या खड्यांबद्दल सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा असा खुलला की बस. रविवारी आम्ही दोघी गेलो. आईने दगडांना हळद-कुंकू वाहिलं, मी पाच उचलले. त्यातल्या एकाच्या मधोमध तपकिरी रेघ होती. "बघ, ही तर भांग पाडूनच आलीय," आई म्हणाली.

मी गालात पाणी भरून, हातात ताम्हन धरून पुढे. आई घंटा वाजवत मागे. नोरा तिच्या गडग्याशी उभी होती. तिने हात केला, "ग्रँड डे, पेट! हे काय घेऊन चाललीस?" असं विचारलं. मी काय बोलणार? फुगलेल्या गालांनी सरळ पुढे बघत तिच्या समोरून गेले. आईने नुसती मान हलवली. घरात दुसरी सवाष्ण नसल्यामुळे दारात दूधपाण्याचा तांब्या घेऊन बाबा उभे, वर फ्लीसचं जॅकेट. त्यांनी पायांवर पाणी घातलं आणि शिकवल्याप्रमाणे विचारलं, "गौरी आली कशाच्या पावलांनी?" माझ्या वतीने आईने मागून उत्तर दिलं, "सोन्याच्या पावलांनी!" मग मला एकदाची चूळ थुंकता आली. पुण्याहून हँडबॅगेत बसून आलेल्या वीतभर गणपतीच्या शेजारी, बुटक्या कपाटावर, रेशमी खणावर गौरी बसल्या. भांगवाली मधोमध. आईने तिच्या रेघेत कुंकू भरलं, पाचही जणींना कापसाची वस्त्रं घातली आणि संध्याकाळी भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवला.

सोमवारी ओर्लाने वर्गात नोराला आणलं. गावातलं सगळ्यांत जुनं माणूस, तिच्या तोंडून पऱ्यांच्या गोष्टी ऐकायच्या, त्यासुद्धा त्या झाडाखाली उभं राहून, असा बेत होता. नोरा रस्ताभर बोलत होती. कोणाचं कोंबडं कोल्ह्याने नेलं, कोणाचा मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला. माझ्याकडे बघून तिने डोळे मिचकावले, "आज तरी बोलणार आहेस का?" झाडाशी पोचल्यावर ओर्ला म्हणाली, "नोरा, इथलं काहीतरी सांगा ना, सगळ्यांत जुनं." नोरा झाडाच्या मागे गेली. तिथे तिचं बोलणं थांबलं. काठी टाकून ती गुडघ्यावर बसली, खुब्याचं ऑपरेशन झालेली बाई, आणि गवत दोन्ही हातांनी बाजूला करायला लागली. इथे, मग तिथे, मग पुन्हा इथे. ज्या जागेवरून मी दगड उचलला होता तिथे ओल्या मातीत एक वाटीएवढा खळगा होता. त्यात तिने बोटं घातली आणि तशीच राहिली.

"नाहीये ती," ती म्हणाली.

"कोण नाहीये?" ओर्लाने विचारलं.

"माझी."

आम्ही वीस-पंचवीस पोरं उभी होतो. नोरा आमच्याकडे न बघता, त्या खळग्याकडे बघत बोलली. अंड्यांचा भाव सांगावा तितक्याच साध्या आवाजात. "ती रडली नाही जन्मल्यावर. फादर येईपर्यंत थांबलीसुद्धा नाही. डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं नसेल तर तिकडे दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागा नाही, असं होतं तेव्हा. पॅट तिला खोक्यात घालून इथे घेऊन आला. मला आणलं नाही. कुठे ठेवलं तेही सांगितलं नाही. खूप वर्षांनी, एकदाच, म्हणाला, झऱ्याच्या बाजूचा पांढरा दगड, मधोमध तपकिरी रेघ. तेवढंच आहे माझ्याकडे तिचं."

मी हादरले. हादरणे हा शब्द लोक हल्ली चहा महागला तरी वापरतात. मी म्हणते ते वेगळं. पायाखालची जमीन हललेली मला खरोखर जाणवली, कारण ती जमीन म्हणजे काय होतं हे मला आत्ताच कळत होतं. मी ओर्लाकडे बघितलं. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मग बरोबर आलेल्या मास्टरांकडे बघितलं, आणि दुसरा धक्का बसला. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यांनी फक्त मान खाली घातली होती. त्यांना माहीत होतं. वर्गाबरोबर आलेल्या शिपाईकाकांनाही माहीत होतं. त्या जागेला किलीन म्हणतात, बाप्तिस्मा न झालेल्या बाळांची जागा, आणि गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती ठाऊक होती. आठवडाभर आम्हाला पऱ्या आणि वेटोळी शिकवत होते, आणि एकाही माणसाने ओर्लाला बाजूला घेऊन सांगितलं नाही की पोरांना तिकडे नेऊ नकोस. मला आजही त्या खाली घातलेल्या मानांचा राग येतो. फांदी तोडू नका हे सगळ्यांनी सांगितलं. मी झाडाला हातसुद्धा लावला नव्हता. दगडांबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"ते आमच्याकडे आहेत," मी म्हणाले. "पाचही. स्वयंपाकघरात."

नोराने माझ्याकडे बघितलं. तशी नजर मी पुन्हा कोणाची पाहिली नाही, आणि पाहायची इच्छाही नाही. राग नव्हता तिच्यात. रविवारी मी तिच्या नाकासमोरून काय घेऊन गेले होते, ते तिला त्या क्षणी कळत होतं.

मास्टर मुलांजवळ थांबले. नोरा, ओर्ला आणि मी अशा तिघी दोन शेतं ओलांडून आमच्या घरी आलो. नोरा पुढे, काठी न टेकता. घरात नारळाच्या दुधाचा आणि गुळाचा वास भरला होता. गौरीपूजनाचा दिवस, आई घावन-घाटलं करत होती. नोराला बघून तिला वाटलं दर्शनाला आली. "अरे वा! या, या, कम इन!" म्हणत ती कालथा घेऊनच पुढे आली. मी तिला सांगितलं. मला मराठीत सांगताच येईना, म्हणून इंग्रजीत सांगितलं, एका दमात. आईचा कालथा हवेत तसाच राहिला.

"अगं बाई," ती म्हणाली. "स्मशानातले? अनू, स्मशानातल्या पोरांचे दगड मी गौरी म्हणून..." तव्यावरचं घावन करपायला लागलं, धूर झाला, कोणी हललं नाही. माझ्या आईला मी ओळखत होते. स्मशानावरून आलेला माणूस तिने कधी आंघोळीशिवाय उंबऱ्याच्या आत घेतला नव्हता. आता ती ते खडे फडक्याने उचलून अंगणात ठेवणार, स्वयंपाक टाकून देणार, सगळं घर धुऊन काढणार, आणि हे सगळं नोराच्या डोळ्यांदेखत करणार, अशी माझी खात्री झाली. मी आईचा पदर धरला. ती चिकट हातांनी मला बाजूला सारून कपाटाकडे वळली, आणि नोरा तिच्या आधीच तिथे पोचली होती.

नोराला लगेच सापडली. हात लावला नाही तिने. बघत राहिली. रेशमी खण, तांदूळ, झेंडूऐवजी वाहिलेली नोराच्याच कुंपणावरची लाल फ्यूशाची फुलं, समोर केळीच्या पानाच्या आकाराच्या कागदी ताटलीत घाटल्याची वाटी. रेघेतलं कुंकू.

"तुम्ही हिला कपडे घातलेत," ती म्हणाली.

आईने कालथा खाली ठेवला. मग तिने विचारलं, "मुलगी होती?"

"हो."

"नाव काय?"

"ठेवू दिलं नाही. मी आपलं मनात ठेवलं होतं."

माझी आई एरवी फाडफाड इंग्रजी बोलायची, पण त्या दिवशी तिला शब्द जुळवावे लागत होते. "आमच्याकडे," ती थांबत थांबत म्हणाली, "या दिवसांत मुलीच येतात. लग्न होऊन लांब गेलेल्या लेकी. तीन दिवस आईच्या घरी. त्यांना आवडेल ते करून घालायचं. मी... आम्हाला ठाऊक नव्हतं या कोणाच्या ते." आणि मग ती रडायलाच लागली. ओर्ला केव्हाची रडत होती. मी गॅस बंद केला, कारण त्या घरात तेवढं करण्याइतपत शुद्ध फक्त मलाच होती.

नोरा खुर्चीवर बसली. मग विचारलं, "परत केव्हा जातात?"

"उद्या दुपारी. दहीभात खाऊन."

"मग राहू दे तिला उद्यापर्यंत," नोरा म्हणाली.

आईने दुसरं घावन घातलं. नोराने ते घाटल्याबरोबर खाल्लं, सावकाश, कपाटाकडे तोंड करून. त्या दिवशी ती ग्रँड म्हणाली नाही. निघताना मला म्हणाली, "काल माझ्याशी का बोलली नाहीस, पेट?" मी तिला तोंडातल्या पाण्याचं सांगितलं, मागे वळून न बघण्याचंही. तिने ते दोनदा समजावून घेतलं.

बाबा संध्याकाळी आले, सगळं ऐकून मटकन बसले आणि म्हणाले, "पण मग आता पूजेचं... म्हणजे शास्त्राप्रमाणे चालतं का हे?" आई म्हणाली, "शास्त्र राहू दे तुमचं. उद्या रजा टाका." दुसऱ्या दिवशी विसर्जन पाण्यात झालं नाही. खडे आम्ही होते तिथे नेऊन ठेवले. नोराने तिचा ठेवला, आणि उरलेले चार कुठे ठेवायचे ते सांगितलं. कोणत्या घरांची बाळं होती ती, तेही तिला माहीत होतं. आईने अक्षता टाकून 'पुनरागमनाय च' म्हटलं. नोराने अर्थ विचारला. "परत या," मी सांगितलं. "कधी?" "दर वर्षी."

ओर्लाचा नकाशा पुढे हॉलमध्ये लागला. वेटोळी होतीच, पण त्या कोपऱ्यात आम्ही मुलांनी पांढरी बटणं शिवली होती, नोराने सांगितली तेवढी. उद्घाटनाला भाषण झालं, सँडविच झाली, आणि म्हातारी माणसं त्या एका कोपऱ्यापुढे उभी राहून राहून पुढे जात होती. शेवटी एक उंच, टोपी हातात धरलेला शेतकरी ओर्लाजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "अजून एक बटण असेल का?" वर्षभरात तो कोपरा पांढरा होत गेला.

पुढच्या वर्षी आईने गौरींसाठी गॉलवेच्या किनाऱ्यावरून खडे आणून ठेवले. झोपलेल्या पोरांना दर वर्षी उकरायचं नाही, असं तिने आम्हाला बजावलं होतं, आणि नोराकडे तिने किंवा मी कधी तो विषय काढला नव्हता. आवाहनाच्या दिवशी मी नवा फ्रॉक घालून ताम्हन पुसत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. आईने दार उघडलं आणि ती दोन पावलं मागे सरकली.

दारात नोरा. डोक्याला रुमाल, अंगात चर्चला जायचा कोट, पायात चिखलाने भरलेले बूट. दोन्ही हातांच्या ओंजळीत तपकिरी रेघेचा दगड. एवढी बोलकी बाई, एक अक्षर बोलेना. तोंड घट्ट मिटलेलं, गाल टम्म फुगलेले, हनुवटीवरून पाण्याचा एक ओघळ कोटाच्या कॉलरपर्यंत गेलेला. दोन शेतं ती तशी चालत आली होती, काठीशिवाय, मागे न बघता.

आईला हुंदका आवरेना. तिने दूधपाण्याचा तांब्या आणला आणि त्या चिखलाच्या बुटांवर ओतला. "गौरी आली कशाच्या पावलांनी?" तिने विचारलं. नोराला बोलता येत नव्हतं. मी पळत बाहेर जाऊन तिच्या मागे उभी राहिले आणि तिच्या वतीने उत्तर दिलं.